साडेचार वर्षांची बॅटरी: बदलायची की चालवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडीची बॅटरी साडेचार वर्षांची झाली आहे. गाडी पहिल्या चावीला सुरू होते, तरी सर्व्हिसिंगच्या वेळी ‘चार वर्षं उलटली, आता बदलूनच टाका’ असं सांगितलं गेलं. गाडी रोज थोडीच चालते, पण पुढच्या महिन्यात लांबचा प्रवास आहे. सकाळी मल्टीमीटर लावला तर १२.३ व्होल्ट दिसले. बदलायची की नाही?

आज बदलू नका, पण आहे तशी घेऊन प्रवासालाही निघू नका. आधी चार्जरवर लावून पूर्ण भरा, मग लोड टेस्ट, म्हणजे जास्त करंट ओढून ताकद पाहणारी चाचणी, करून घ्या, आणि त्यानंतर ठरवा. १२.३ हा आकडा बॅटरी म्हातारी झाल्याचं सांगत नाही, ती अर्धपोटी आहे एवढंच सांगतो. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक चांगल्या बॅटऱ्या भंगारात देतात आणि गेलेल्या बॅटऱ्या चार्ज करत बसतात. मी स्वतः गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामात पंचवीस वर्षं काढली, आणि पहिली काही वर्षं हीच चूक करत होतो.

सर्वसाधारण आयुष्य विचारलंत तर तीन ते पाच वर्षं. सतत उन्हात आणि उकाड्यात राहणारी बॅटरी अडीच-तीन वर्षांत मान टाकते. थंड हवेत, रोज लांब पल्ला चालणाऱ्या गाडीत तीच सहा-सात वर्षं काढते. मी चौदा महिन्यांत बसलेली बॅटरी पाहिली आहे आणि आठ वर्षं चाललेलीही, आणि दोन्ही एकाच मॉडेलच्या होत्या. म्हणून ‘अमुक कंपनीची किती टिकते’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. ती बॅटरी कोणत्या गाडीत, किती उष्णतेत आणि किती भरलेल्या अवस्थेत दिवस काढते, यावर सगळं अवलंबून असतं. वॉरंटीचे महिने म्हणजेही आयुष्य नव्हे. तो कंपनीने आपल्या जोखमीचा मांडलेला हिशेब असतो.

आत काय चालतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली, आणि मूळ रसायन आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली, निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. वीज बाहेर जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट धरतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज करताना हेच उलटं होतं. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. हे आकडे गाडी निदान रात्रभर बंद राहिल्यावरचे. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीवर मीटर लावाल तर १२.८-१२.९ दिसेल आणि उगाच समाधान वाटेल. तो वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद केले की उतरतो.

आता ती मरते कशी? पहिला शत्रू उष्णता. लोकांना वाटतं थंडी बॅटरी मारते, कारण गाडी नेमकी थंडीच्या सकाळी बंद पडते. खरं तर थंडी फक्त पितळ उघडं पाडते. थंडीत ॲसिडमधली क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे बॅटरीची ताकद कमी आणि इंजिन फिरवायला जोर जास्त. पण आतली नासधूस त्याआधीच्या उन्हाळ्यात झालेली असते. प्लेटांच्या आत शिशाची जाळी असते, तिनेच वीज साठवणारी पेस्ट धरून ठेवलेली असते. धन प्लेटची ही जाळी हळूहळू गंजत जाते, आणि तापमान वाढलं की झपाट्याने गंजते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं, असा आमच्या धंद्यात ठोकताळा आहे. बॉनेटखाली, इंजिनला चिकटून बसलेल्या बॅटरीच्या भोवती काही गाड्यांत पत्र्याचं, प्लॅस्टिकचं किंवा फेल्टचं आवरण असतं. ते तिला उष्णतेपासून वाचवायलाच दिलेलं असतं. बॅटरी बदलताना ‘हे कशाला हवं’ म्हणून ते फेकून देणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. मागून लावून घ्या.

दुसरा शत्रू उपासमार, आणि तुमच्या गाडीबाबत माझा संशय इथेच आहे. थोडा हिशेब मांडतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण दीडशे अँपिअर ओढतो, पण दोनच सेकंद. म्हणजे एका स्टार्टला अँपिअर-तासाचा (बॅटरीतल्या विजेचं माप) दहावा हिस्साही खर्च होत नाही. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे किरकोळ आहे. चालू गाडी ते काही मिनिटांत भरून काढते. मग रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या लवकर का जातात? कारण गाडी उभी असतानाही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खात असतात. वीस ते पन्नास मिलीअँपिअर हे नेहमीचं. पन्नास धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. म्हणजे नुसती उभी राहिली तरी तीच बॅटरी एकोणीस-वीस दिवसांत निम्म्यावर येते. हा खड्डा दहा मिनिटांच्या फेरीत भरत नाही. त्यातून सिग्नलला थांबत थांबत, एसी, पंखा, हेडलाइट सगळं लावून चालवली तर अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची, बरीचशी वीज तिकडेच जाते. शिवाय बॅटरी पाऊण भरेपर्यंत भराभर घेते, शेवटचा पाव हिस्सा मात्र तासन्‌तास घेते. तो हिस्सा तुमच्या गाडीला कधी मिळालाच नसावा.

अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे बारीक कण मोठे, टणक खडे होतात. सुरुवातीला सावकाश, कमी करंटने पूर्ण चार्ज केलं तर ते बऱ्याच अंशी विरघळतात. एकदा दगड झाले की झाले. मग प्लेटचा तेवढा भाग कामातून गेला. ४५ ची बॅटरी कागदावर ४५ ची राहते, आत ती २५ ची होते. गंमत म्हणजे अशी बॅटरी चार्जरवर लावली की अगदी पटकन ‘फुल’ दाखवते, आणि मालक खूश होतो. लहान झालेलं भांडं लवकर भरणारच!

तिसरा शत्रू हादरे. बॅटरीची पकडपट्टी सैल असेल तर प्रत्येक खड्ड्यात प्लेटा हलतात, पेस्ट झडून तळाला साचते आणि एखाद्या दिवशी सेल आतून शॉर्ट होतो. ही बॅटरी पूर्वसूचना देत नाही. काल ठीक, आज मीटरवर १०.५ च्या आसपास, म्हणजे सहापैकी एक सेल गेला. तिला चार्ज करत बसू नका. एक सेल मेलेल्या बॅटरीत चार्जरचा सगळा दाब उरलेल्या पाच सेलवर पडतो, त्या तापतात आणि वायू सोडतात. तिला बदलणं हाच उपाय.

आता तपासणी. तुम्हाला घरी करता येईल तेवढं सांगतो.

जमेल तर साधा ऑटोमॅटिक चार्जर आणा, हवेशीर जागी बॅटरीला लावा आणि रात्रभर राहू द्या. तुमच्या बॅटरीवर झाकणं असतील तर आधी पाणी पाहा. प्लेटा बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडण्यापुरतं आधी, बाकीचं चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. ॲसिड कधीही घालू नका. वाफ होऊन गेलंय ते पाणी, ॲसिड आतच असतं. चार्जर काढल्यावर दहा-बारा तास बॅटरीला हात लावू नका आणि मग मोजा. १२.६ च्या आसपास टिकून असेल तर चांगली बातमी. बारा तासांत १२.४ किंवा त्याखाली घसरली तर आत काहीतरी बिघडलंय. मात्र हे बघताना टर्मिनल सोडवलेली हवी, नाहीतर घसरणीचा दोष बॅटरीचा की गाडीचा ते कळणार नाही.

झाकणांची बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरसारखं दुसरं हत्यार नाही. हल्ली ते कुणी काढत नाही, आळस. भरलेल्या बॅटरीत प्रत्येक सेलला १.२६५ ते १.२८० यायला हवं. सगळ्या सेल सारख्याच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे. पाच सेल १.२६० वर आणि एक १.२०० वर असेल तर तो सेल गेला. सहा सेलमधली तफावत ०.०५० च्या पुढे गेली की मी ग्राहकाला नवीन बॅटरी शोधायला सांगतो. काही बॅटऱ्यांवर चार्ज दाखवणारी काचेची छोटी खिडकी असते, त्या ‘जादूच्या डोळ्या’त हिरवा ठिपका दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये असतो. बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं.

पण खरी परीक्षा लोडखाली. बॅटरीवर सीसीए म्हणून एक आकडा छापलेला असतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीत, उणे १८ अंशांना, तीस सेकंद ती किती अँपिअर देऊ शकेल. जुन्या पद्धतीच्या लोड टेस्टमध्ये त्या आकड्याच्या निम्मा करंट पंधरा सेकंद ओढतात. साधारण २१ अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी नापास. हातात मावणारे नवे डिजिटल टेस्टर एवढा करंट न ओढता अंदाज देतात आणि ते बरेच भरवशाचे असतात. अट एवढीच की बॅटरीचा प्रकार आणि सीसीए त्यात बरोबर भरला पाहिजे. तुमच्यासमोर टेस्ट होत असेल तर तिथे डोळा ठेवा. ३५० ची बॅटरी ५०० ची म्हणून टाकली तर ठणठणीत बॅटरीही ‘बदला’ म्हणेल. चार्ज न करता टेस्ट केली तरी तसंच. आणि कागदाची चिठ्ठी निघत असेल तर मागून घ्या, पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडते.

घरच्या घरी याचा गरिबी अवतार म्हणजे मल्टीमीटर मिनिमम मोडवर (सर्वांत कमी आकडा धरून ठेवणारा) ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगणं. सेल्फ फिरताना व्होल्टेज दहाच्या वर राहिलं तर ठीक, ९.६ च्या खाली डोकावलं तर पुढचा तपास करा. लगेच बॅटरीला फाशी देऊ नका. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरं टोक त्याच खुंटीवर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारायला लावा. तिथे ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर वीज त्या दोहोंमधल्या गंजात अडकते आहे. पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, दोन्ही पृष्ठभाग घासून चकचकीत करा, घट्ट आवळा. इंजिनकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही पाहा. किती तरी ‘गेलेल्या’ बॅटऱ्या मी नुसत्या ब्रशने जिवंत केल्या आहेत.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.७ च्या दरम्यान व्होल्टेज हवं. हेडलाइट, पंखा लावूनही १३.४ च्या खाली राहिलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहा. नव्या गाड्यांत मात्र कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमीजास्त करतो, त्यामुळे १२.८ दिसलं म्हणून लगेच निदान करू नका. हेडलाइट लावून, थोडा वेळ थांबून पाहा. दुसऱ्या टोकाला, पंधराच्या वर सतत जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळून मारतोय. धंद्याच्या सुरुवातीला एकाला मी नवी बॅटरी बसवून दिली आणि चार्जिंग मोजलंच नाही. चार महिन्यांत तो परत आला: केस फुगलेली, कुजक्या अंड्यांचा वास. मोजलं तर १५.६. ती दुसरी बॅटरी माझ्या खिशातून गेली. त्यानंतर चार्जिंग मोजल्याशिवाय मी बॅटरीला हात लावलेला नाही.

आणि चोरगळती. एका गृहस्थांनी दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या, तिसरी घ्यायला आले. गाडी चार दिवस उभी राहिली की बंद. मी गाडी लॉक करून, सगळे कॉम्प्युटर झोपी जाईपर्यंत पाऊण तास थांबून करंट मोजला. ४०० मिलीअँपिअर! डिकीचा दिवा झाकण लावल्यावरही जळत होता, स्विच मोडलेला. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास जात होते. तिसरी बॅटरी घ्यावी लागली ती त्या दिव्यापायीच. मागाहून लावलेले कॅमेरे, ट्रॅकर, ॲम्प्लिफायर यांच्यावर माझा पहिला संशय असतो. स्वतः मोजणार असाल तर मीटर मालिकेत जोडलेला असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल, कदाचित मीटरही.

एवढं सगळं तपासूनही काही वेळा बॅटरी टेस्टमध्ये नापास झालेली नसली तरी मी ‘बदला’ म्हणतो. केस फुगली असेल किंवा तडा असेल. एक सेल मेला असेल. बॅटरी दोन-तीनदा पूर्ण रिकामी होऊन आठवडाभर तशीच पडली असेल. आणि पाच वर्षं झाली असतील, टेस्ट काठावर असेल, आणि मालक अशा ठिकाणी जाणार असेल जिथे मदत मिळायला अर्धा दिवस लागतो. इथे वयाचा विचार करणं मला रास्त वाटतं. सेल्फचा आवाज ओढल्यासारखा होणं, चावी फिरवली की डॅशबोर्ड मंद होणं, सकाळी घड्याळ शून्यावर असणं, कारणाशिवाय एबीएस किंवा स्टिअरिंगचा दिवा लागणं ही लक्षणं आली की टेस्ट त्याच आठवड्यात करा. मात्र आधुनिक इंजेक्शनची इंजिनं इतकी लगेच पेट घेतात की पहिल्या चावीला सुरू होणं हा बॅटरी धडधाकट असल्याचा दाखला राहिलेला नाही. तुमच्या गाडीतही नाही.

तुमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल, तर ती सोय काम करेनाशी होणं हीच बहुधा पहिली चाहूल. या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, म्हणजे वारंवार स्टार्ट सोसणारी, बॅटरी लागते. एजीएमच्या जागी स्वस्तातली साधी बसवली तर चालते, पण फार दिवस नाही. उलट, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि तिला बहुतेक वेळा सेल्फ फिरवायचाच नसल्याने ती कण्हत-कुथत नाही. एके दिवशी गाडी नुसती ‘उठत’ नाही, बस. अशा गाडीत तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी टेस्ट करून घ्यावी असं माझं मत.

नवी घेण्याची वेळ आलीच तर उत्पादनाची तारीख पाहा. बॅटरी दुकानाच्या फळीवरही म्हातारी होते. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहाच्या पुढची मी घेत नाही. दुकानातच मीटर लावायला सांगा; १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. अँपिअर-तास थोडे जास्त चालतील, कमी नकोत. आकार आणि धन-ऋण खुंट्यांच्या बाजू जुन्यासारख्याच हव्यात, नाहीतर वायर ताणून उलटी लावण्याचा मोह होतो आणि अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

काढताना आधी ऋण टर्मिनल, मग धन. बसवताना आधी धन, मग ऋण. पाना धन टर्मिनलवरून घसरून बॉडीला लागला तर ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम आहे, आणि बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो हे विसरू नका. अंगठी काढून ठेवा. काही गाड्यांत ऋण टर्मिनलवर एक चौकोनी सेन्सर असतो, तो ओढून काढू नका. अशा बऱ्याच गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं, नाहीतर कॉम्प्युटर नवीलाही जुनीसारखाच चार्ज करत राहतो. बसवून झाल्यावर काचांची आपोआप वर जाण्याची सोय कदाचित पुन्हा शिकवावी लागेल, आणि इंजिन पहिले काही मिनिटं थोडं अडखळेल. गाडी चालली की ते सुरळीत होतं.

तर या शनिवारी रात्री चार्जिंग, रविवारी दिवसभर विश्रांती, संध्याकाळी मोजणी, सोमवारी लोड टेस्ट. पास झाली तर प्रवासाला निघा, आणि परत आल्यावर महिन्यातून एकदा चार्जरला लावत राहा. काठावर आली तर निघण्याच्या दोन आठवडे आधी बदला, आदल्या दिवशी नको. नव्या बॅटरीत किंवा ती बसवण्यात खोट असेल तर ती घराजवळच उघडी पडावी.